पोर्क, प्रून आणि सफरचंद : मंद आचेवरचे फ्रेंच रविवारचे जेवण

लोआरकाठ

नमस्कार. गेली ११ वर्षे मी फ्रान्समधील तूर या शहरात राहते. नोव्हेंबर लागला की लोआर नदीवरचे धुके दुपारपर्यंत हटत नाही आणि रविवारी सकाळपासूनच घराघरांतून कांदा, लोणी आणि मंद शिजणाऱ्या मांसाचा वास येऊ लागतो. आमच्या भागात त्यात आणखी एक वास मिसळलेला असतो, तो पांढऱ्या वाइनमध्ये फुगलेल्या प्रूनचा, म्हणजे सुकवलेल्या आलुबुखाऱ्यांचा. फळ घालून शिजवलेल्या पोर्कविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

पोर्कच्या जोडीला कोणते फळ घालायचे, हे फ्रान्समध्ये त्या त्या प्रांतात काय पिकते यावर ठरत आले आहे. नॉर्मंडीत सफरचंदाच्या बागा आहेत, त्यामुळे तिथे सफरचंद, सायडर (सफरचंदाच्या रसाचे आंबवलेले पेय) आणि साय एकत्र येतात. लोरेनमध्ये मिराबेल नावाचे लहान पिवळे आलुबुखारे असतात. आमच्या तुरेन प्रांतात प्रून आणि वूव्रेची वाइन. वूव्रे हे गाव तूरच्या पूर्वेला अगदी जवळ आहे आणि तिथली वाइन शनँ या द्राक्षापासून करतात. या द्राक्षाचा आंबटपणा चांगला टिकतो आणि या पदार्थाला नेमकी त्याचीच गरज असते. प्रून मात्र आता बहुतेक नैर्ऋत्येकडच्या आजाँ परिसरातून येतात. तिथल्या आलुबुखाऱ्याच्या जातीचे नाव ‘प्रून दांत’ असे आहे आणि त्यातल्या ‘आंत’ या जुन्या फ्रेंच शब्दाचा अर्थ कलम असा होतो. कलमी आंब्यावर वाढलेल्या आपल्या माणसांना ते नाव एकदा कळले की विसरणार नाही. साधारण ३ किलोंहून अधिक ताजी फळे सुकवावीत तेव्हा १ किलो प्रून मिळतात, आणि त्या फळातला सगळा आंबटगोड अर्क मंद शिजताना रश्श्यात उतरतो.

फळे सुकवण्याची कला तुरेनमध्येही जुनीच आहे. तूरच्या नैर्ऋत्येला असलेल्या रिव्हारेन या गावात सोललेले अख्खे नाशपती लाकडाच्या भट्टीत कित्येक दिवस वाळवतात आणि मग एका साध्या यंत्राने दाबून चपटे करतात. त्यांना ‘पुआर तापे’ म्हणतात. लाल वाइनमध्ये भिजवले की ते पुन्हा फुगतात आणि पोर्कबरोबर फार छान लागतात. मी ते वर्षातून एकदाच करते, कारण ते महाग पडतात.

आता मुख्य मुद्दा. ‘फळ घातले म्हणजे मांस गोड होणार’ ही आपल्याकडची समजूत मला सर्वांत आधी दूर करायची आहे. या पदार्थात फळाचे पहिले काम आंबटपणा देण्याचे आणि दुसरे काम रस्सा दाट करण्याचे असते; गोडी त्यानंतर येते, आणि तीही मीठ व चरबी यांच्या मागे उभी राहून. ज्या घरात चिंच-गुळाची आमटी होते, त्या घराला हे समजावून सांगावे लागू नये.

माझ्या घरची रीत ६ जणांसाठी देते. जुन्या पद्धतीत पाठीच्या मांसाच्या लहान गोल चकत्या घेतात आणि त्या लवकर शिजतात. मी मात्र ‘एशीन’ घेते, म्हणजे मानेच्या मागून खांद्याकडे येणारा, आतून चरबीच्या रेषा असलेला भाग. दीड किलोचा एक तुकडा घ्यावा, त्याला आदल्या रात्री २० ग्रॅम मीठ आणि ताजी मिरपूड चोळावी आणि तो फ्रिजमध्ये उघडाच ठेवावा, म्हणजे वरचा भाग कोरडा होतो. त्याच रात्री ३०० ग्रॅम बियांचे प्रून ४०० मिलिलिटर कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या वूव्रेत भिजत घालावेत. दुसऱ्या दिवशी बिडाच्या जाड भांड्यात ३० ग्रॅम लोणी आणि थोडे तेल घालून मांस सर्व बाजूंनी चांगले तांबूस होईपर्यंत परतावे. याला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि ती द्यावीतच. मांस बाहेर काढून त्याच भांड्यात उभे चिरलेले ३ कांदे सोनेरी करावेत, प्रून निथळून उरलेली वाइन ओतावी, बुडाला लागलेले सगळे लाकडी डावाने खरवडून घ्यावे आणि वाइन निम्मी आटू द्यावी. मग २०० मिलिलिटर साधे मांसाचे पाणी (स्टॉक), थाइमच्या दोन काड्या, एक तमालपत्र आणि एकूण प्रूनपैकी एक तृतीयांश प्रून बी काढून घालावेत. मांस परत ठेवून, घट्ट झाकण लावून, १५० अंशांच्या ओव्हनमध्ये ३ तास ठेवावे. उरलेले दोन तृतीयांश प्रून शेवटच्या ३० मिनिटांतच घालावेत. शेवटी मांस आणि अख्खे प्रून काढून रस्सा गाळावा, हवा तेवढा आटवावा, त्यात एक मोठा चमचा रेडकरंट या लहान, लाल, आंबट फळाची जेली आणि १०० ग्रॅम क्रेम फ्रेश (फ्रान्समधली घट्ट, आंबूस साय) घालून ढवळावे आणि चव पाहून लिंबाचे दोन-चार थेंब टाकावेत.

फळ दोनदा घालणे ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. आधी घातलेले विरघळून रश्श्याला अंग देते, नंतर घातलेले पानात अख्खे दिसते. सगळे एकदम घातले तर ना रस्सा नीट होतो ना फळ हाती लागते.

मुळामुठा

ताई, फार सविस्तर आणि मनापासून लिहिले आहे, त्याबद्दल आभार. मी पुण्यात राहतो आणि घरी छोटा ओटीजी (विजेचा लहान ओव्हन) आहे. काही शंका विचारतो. पहिली, येथे पोर्कच्या दुकानात कोणता भाग मागावा? ‘एशीन’ म्हटले तर कोणाला कळणार नाही. दुसरी, आमच्या घरी आई-बाबा वाइन घातलेले खाणार नाहीत. त्याऐवजी काय वापरता येईल? तिसरी शंका थोडी प्रामाणिक आहे. मागे मी इंटरनेटवर पाहून ‘पोर्क टेंडरलॉइन’ सफरचंदाबरोबर दोन तास शिजवले होते आणि ते लाकडाच्या भुशासारखे कोरडे झाले. रश्श्यात बुडलेले मांस कोरडे कसे होते, हे मला आजतागायत समजलेले नाही.

प्रयोगवही

मुळामुठा, आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण अन्नविज्ञान हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे.

मांस कोरडे होणे हे बाहेरच्या पाण्यावर अवलंबून नसते. तापमान साधारण ६० अंशांच्या वर जाऊ लागले की स्नायूंचे धागे आकसतात आणि स्वतःतला रस पिळून बाहेर टाकतात. मग तो तुकडा रश्श्यात असो की तव्यावर. खांद्याच्या किंवा मानेच्या मांसात मात्र धाग्यांच्या मध्ये कोलॅजेन नावाचे चिवट आवरण भरपूर असते. सुमारे ७० अंशांपासून पुढे, आणि पुरेसा वेळ मिळाला तर, ते वितळून जिलेटिन होते. धाग्यांनी पाणी गमावलेले असले तरी त्यांच्यामध्ये हे मऊ, चिकट जिलेटिन आणि वितळलेली चरबी पसरते, त्यामुळे तोंडात मांस रसाळ लागते. टेंडरलॉइन हा पाठीच्या कण्याखालचा, फारसा न वापरला जाणारा स्नायू आहे. त्यात चरबीही नाही आणि कोलॅजेनही जवळजवळ नाही. त्यामुळे रस निघून गेल्यावर त्याची जागा घ्यायला काहीच उरत नाही. ते मांस आतून ६३ अंशांपर्यंत नेऊन ३ मिनिटे तसेच राहू द्यावे, एवढेच त्याला पुरे असते. अमेरिकेच्या कृषी खात्याने पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठी २०११ पासून हेच प्रमाण सांगितले आहे. खांद्याचे मांस मात्र आतून ९० अंशांच्या पुढे जाऊन तिथे काही काळ राहिले पाहिजे.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते आणि ती बहुतेकांना उलटी वाटते. दोन तासांनी खांद्याचा तुकडा काट्याने टोचल्यावर घट्ट लागला, तर तो जास्त शिजलेला नसून कमी शिजलेला असतो. त्या वेळी गॅस बंद न करता आणखी तासभर धीर धरावा. आपल्याकडे पोर्क पूर्ण शिजवण्याचा आग्रह असतो आणि पट्टकृमीचा विचार करता तो रास्तच आहे. या पद्धतीत तो आपोआप पाळला जातो.

तिसवाडी

मी गोव्याचा. भागाविषयी सांगतो. दुकानदाराकडे ‘खांदा, हाडाविना, चरबीसकट’ असे मागावे आणि तुकडे करू देऊ नयेत, कारण विचारले नाही तर तो सवयीने सोरपोतेलसाठी करतात तसे बारीक तुकडे करून देतो. कातडी ठेवली तरी चालते. ती शिजून मऊ होते आणि रस्सा चांगला चिकट करते, मात्र आमच्याप्रमाणे ती कुणी आवडीने खाईल की नाही, हे घरच्यांना विचारून ठरवावे.

लोआरकाठ यांनी आंबटपणाविषयी जे लिहिले आहे ते मला लगेच पटले. आमचे विंदालू मुळात पोर्तुगिजांच्या वाइन आणि लसणीत मुरवलेल्या मांसावरून आले आणि गोव्यात वाइनची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली. कोडगूमध्ये (कूर्गमध्ये) पोर्कच्या करीत कचमपुळी घालतात, आणि तीही कोकमाच्या जवळच्या फळाचा आटवलेला रसच आहे. चरबीच्या मांसाला आंबट हवे, हे वेगवेगळ्या किनाऱ्यांवरच्या स्वयंपाक्यांनी आपापल्या परीने शोधून काढलेले आहे. तरीही एक विनंती करतो : या फ्रेंच पदार्थात लवंग-दालचिनी-मिरचीचा मोह टाळावा. मी पहिल्यांदा तो मोह आवरला नाही आणि प्रूनची चव कुठल्या कुठे गेली.

लोआरकाठ

प्रयोगवही यांनी जे सांगितले ते मला ११ वर्षे अनुभवाने माहीत होते, त्यामागचे कारण मात्र आज कळले. तिसवाडी यांचेही आभार.

मुळामुठा, वाइनविषयी खरे ते सांगते. ‘शिजवल्यावर मद्यार्क पूर्ण उडून जातो’ असे अनेक जण म्हणतात आणि ते बरोबर नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे, मिश्रणात घालून एक तास शिजवले तर सुमारे २५ टक्के आणि अडीच तासांनंतरही सुमारे ५ टक्के मद्यार्क उरतो. केवळ पेटवून दिले तर तब्बल ७५ टक्के उरतो. त्यामुळे ज्यांना वाइन नको आहे त्यांना ‘आता त्यात काही राहिले नाही’ असे सांगून वाढू नये. आई-बाबांसाठी वेगळी रीत सांगते, तीही चांगली होते. साखर न घातलेला सफरचंदाचा रस ३०० मिलिलिटर घेऊन तो निम्मा आटवावा, त्यात २ मोठे चमचे सफरचंदाचे व्हिनेगर आणि २०० मिलिलिटर पाणी मिसळावे आणि प्रून वाइनऐवजी कोमट, कोऱ्या, न उकळलेल्या चहात भिजवावेत. प्रून चहात भिजवण्याची सवय फ्रान्समध्येही बऱ्याच घरांत आहे; चहाचा तुरटपणा त्यांच्या गोडीला आवर घालतो. या रीतीत जेली घालू नये, कारण सफरचंदाच्या रसात गोडी आधीच पुरेशी असते.

ओटीजीचे सांगायचे तर बारीक ओव्हनमध्ये वरची कॉइल मांसाच्या फार जवळ येते. घट्ट झाकणाचे, जाड बुडाचे भांडे आत मावत असेल तरच तो वापरावा. मावत नसेल तर गॅसवर पातेल्याखाली जाड तवा ठेवून सर्वांत लहान बर्नरवर करावे आणि दर अर्ध्या तासाने मांस उलटावे. रस्सा उसळ्या मारत उकळता कामा नये. वर अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, एवढीच आच हवी.

खाडीपलीकडे

मी काँ शहरात राहतो आणि नॉर्मंडीची बाजू मांडायला आलो आहे. प्रूनविषयी मला आदर आहे, पण थंडीच्या दिवसांत घरी आल्यावर जे समाधान सफरचंद, सायडर आणि साय यांच्या पोर्कमध्ये मिळते ते मला दुसऱ्या कशात मिळालेले नाही.

येथे रीत थोडी वेगळी आहे. मांस परतल्यावर त्यावर कॅल्व्हादोस ओतून पेटवतात. कॅल्व्हादोस म्हणजे सायडर ऊर्ध्वपातन करून काढलेली आणि ओकच्या पिंपात किमान दोन वर्षे मुरवलेली सफरचंदाची ब्रँडी. तिच्या नावाला १९४२ मध्ये कायदेशीर संरक्षण मिळाले. दीड किलो मांसाला ५० मिलिलिटर पुरते. पेटवताना भांडे गॅसवरून बाजूला घ्यावे, वरची चिमणी बंद करावी, बाटलीतून थेट न ओतता आधी वाटीत काढून घ्यावे आणि लांब काडी वापरावी. चिमणी चालू राहिली तर ज्वाला वर ओढली जाते आणि जाळीतले तेल पेटू शकते. ही भीती खरी आहे. ज्यांना धाडस नको त्यांनी न पेटवता नुसते आटू द्यावे, चवीत फार फरक पडत नाही.

त्यानंतर ५०० मिलिलिटर सायडर. तो ‘ब्रूत’ म्हणजे कोरडाच घ्यावा. ‘दू’ म्हणजे गोड सायडर प्यायला छान असतो, पण आटवल्यावर पाकासारखा होतो. नॉर्मंडीच्या सायडरसाठी कडवट आणि तुरट सफरचंदेही लावतात, जी नुसती खाववत नाहीत; त्यांचाच तुरटपणा सायीच्या रश्श्याला जड होऊ देत नाही.

सफरचंदांबाबत लोआरकाठ यांचा ‘दोनदा घालावे’ हा नियम मी आणखी कडक करतो. एक सफरचंद सोलून, बारीक चिरून सुरुवातीलाच कांद्याबरोबर घालावे. ते पूर्ण विरघळते. बाकीची ४ सफरचंदे भांड्यात घालूच नयेत. त्यांच्या जाड फोडी वेगळ्या तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी सोनेरी कराव्यात आणि वाढताना मांसाभोवती मांडाव्यात. येथे आम्ही त्यासाठी रेन दे रेनेत किंवा बोस्कोप घेतो. भारतात काय मिळते ते येथील कोणी सांगावे.

मुळामुठा

सफरचंदांचे मी सांगू शकतो, कारण या आठवड्यात तीन प्रकार तव्यावर करून पाहिले. हिमाचलचे लाल रॉयल डिलिशस लोण्यात पाच मिनिटांत रवाळ झाले आणि त्याला चवही फारशी उरली नाही. गोल्डनच्या फोडी अख्ख्या राहिल्या, पण आंबटपणा कमी पडला. बाहेरून येणारे हिरवे ग्रॅनी स्मिथ आंबट लागले आणि बऱ्यापैकी टिकले. त्यामुळे मी रश्श्यात विरघळवायला ग्रॅनी स्मिथ आणि वर मांडायला गोल्डन घेणार आहे.

खाडीपलीकडे, सायीचे काय करावे? येथे खोक्यात मिळणारे फ्रेश क्रीम मी एकदा आंबट रश्श्यात घातले होते आणि ते लगेच फाटले.

सायविरजण

हा धागा चार दिवस वाचते आहे. या प्रश्नावर मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

खोक्यातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. फ्रान्सच्या क्रेम फ्रेशमध्ये तो ३० टक्क्यांच्या वर असतो आणि नॉर्मंडीतल्या इझिन्यी गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सायीत तर किमान ३५ टक्के असावाच लागतो. स्निग्धांश जितका अधिक तितके त्यातले प्रथिन कमी, आणि फाटते ते प्रथिन. ही झाली अडचण. पण क्रेम फ्रेश म्हणजे तरी काय? साय, तिला लावलेले विरजण आणि थोडा धीर. आपल्या आयांनी लोणी काढण्यासाठी रोजची साय एका भांड्यात साठवून तिला विरजण लावले, तेव्हा त्या हीच वस्तू करत होत्या. फक्त आपण ती घुसळून पुढे लोण्याकडे नेतो आणि नॉर्मंडीचे लोक आधीच थांबतात.

म्हणून माझी सूचना अशी. म्हशीच्या दुधाची घट्ट साय दोन-तीन दिवसांची घ्यावी, त्याहून जुनी नको, नाहीतर कडवट वास येतो. तिला अर्धा चमचा ताजे दही लावून रात्रभर ओट्यावर ठेवावी. सकाळी पातळ कापडात तासभर टांगून पाणी निथळू द्यावे आणि हलक्या हाताने गुळगुळीत फेटावी. जोरात फेटली तर लोणी सुटेल. रश्श्यात घालण्यापूर्वी गॅस बंद करावा, आधी दोन-तीन चमचे गरम रस्सा सायीत मिसळावा आणि मग ती साय रश्श्यात ओतावी. त्यानंतर उकळी आणू नये. मी हे कोंबडीच्या रश्श्यात अनेकदा केले आहे आणि साय फाटलेली नाही.

खाडीपलीकडे

सायविरजण, हे वाचून मला फार आनंद झाला. लहानपणी आजीच्या फडताळातले सायीचे भांडे मी रोज पाहिले आणि येथे इतकी वर्षे क्रेम फ्रेशचे डबे आणतो, पण दोन्ही एकच आहेत हे माझ्या लक्षात आले नव्हते.

पूर्वसीमा

लोरेनमधून एक लहानशी भर. मिराबेलचा हंगाम ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच असतो, म्हणून थंडीत आम्ही गोठवलेले किंवा बरणीतले वापरतो. हे फळ नाजूक आहे. ते वाढण्यापूर्वी १० मिनिटे घालावे. बरणीतले असल्यास पाक टाकून द्यावा आणि मोहरी थोडी जास्त घालावी.

मुळामुठा

काल केले. आई-बाबांसाठी म्हणून वाइन न घातलेली रीत घेतली आणि १ किलो खांद्याचे मांस आणले. जसे झाले तसे लिहितो.

दोन तासांनी टोचून पाहिले तर मांस चामड्यासारखे घट्ट होते. प्रयोगवही यांचे शब्द आठवले नसते तर मी तिथेच थांबलो असतो. तीन तास दहा मिनिटांनी तेच मांस चमच्याने तुटू लागले, आणि हा बदल शेवटच्या तासातच झाला. मात्र दोन गोष्टी चुकल्या. एक म्हणजे रस्सा पातळ राहिला. दुसरी म्हणजे तो फारच गोड झाला. पाकीट नंतर नीट वाचले तेव्हा कळले की मी आणलेले सुके प्लम साखरेत मुरवलेले होते. बाबांनी दोन घास खाऊन ‘मांसाची शिकरण’ असे म्हटले. पुढच्या वेळेसाठी मार्गदर्शन करावे.

लोआरकाठ

मांस जमले म्हणजे अवघड भाग पार पडला. गोडीचे कारण तुम्ही स्वतःच शोधले आहे. पाकिटावर फक्त आलुबुखारा, आणि फार तर टिकवण्यासाठीचा पदार्थ लिहिलेला असावा, साखर असेल तर ते पाकीट या कामाचे नाही. अजून रस्सा उरला असेल तर तो वाचवता येईल. एक कप रश्श्याला एक चमचा व्हिनेगर, एक चमचा दिजाँची मोहरी (वाटलेल्या मोहरीची फ्रेंच पेस्ट) आणि चिमूटभर मीठ घालून पाहावे. आपली कासुंदी घालू नये, तिचा झणका वेगळा आहे. मीठ घालायला घाबरू नये. गोड रस्सा बेचव वाटतो तेव्हा बहुधा मीठच कमी असते.

पातळपणाचे कारण असे की घट्ट झाकणाखाली पाणी उडत नाही, उलट मांसाचा रस त्यात भर घालतो. मांस बाहेर काढून झाकून ठेवावे, वरची चरबी चमच्याने काढून वाटीत ठेवावी आणि रस्सा पसरट भांड्यात मोठ्या आचेवर आटवावा. चमच्याच्या पाठीवर तो पातळ थर धरून राहिला आणि बोटाने ओढलेली रेघ मिटली नाही, की झाला. मैदा किंवा कॉर्नफ्लॉवर लावू नये. प्रूनमधले पेक्टिन आणि मांसातले जिलेटिन पुरेसे असते, आणि पिठाने फळाची चव झाकली जाते. साय घालायची ती आटवून झाल्यावर, आधी कधीही नाही.

कुकरविषयी कोणी विचारण्याआधीच सांगते, कारण मी भारतात आले की कुकरमध्येच करते. मांसाचे मुठीएवढे मोठे तुकडे करावेत, पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक करून ४० मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. वाफ एकदम सोडली तर मांसातला रस उसळून बाहेर येतो. कुकरमध्ये द्रव निम्माच घालावा आणि अख्खे ठेवायचे प्रून झाकण उघडल्यानंतर, रस्सा आटवताना घालावेत. चव ओव्हनइतकी खोल येत नाही, कारण ओव्हनमध्ये भांड्याच्या कडांना लागलेला रस्सा तांबूस होत राहतो आणि ते कुकरमध्ये घडत नाही; पण आठवड्याच्या मधल्या दिवशी मी त्याची तक्रार करणार नाही.

तिसवाडी

याच्या जोडीला काय वाढावे? आमच्याकडे सान्ने (तांदळाच्या वाफवलेल्या, इडलीसारख्या) किंवा पाव असतो, पण येथे रस्सा गोडसर आहे.

लोआरकाठ

आमच्याकडे उकडलेले बटाटे किंवा लोण्यातल्या रुंद शेवया. बटाट्याचा मऊ लगदा केला तर त्यात साय घालू नये, रश्श्यात ती आधीच असते. शेजारी काहीतरी कडवट पान हवे. येथे एंदीव्ह लोण्यात परततात, भारतात मुळ्याची कोवळी पाने नुसत्या लसणीवर परतून घेतली तर तेच काम होईल. भात मी करत नाही, कारण भाताने रस्सा शोषला की फळ आणि मांस दोन्ही कोरडे वाटतात.

मुळामुठा

दुसऱ्यांदा केले. साध्या प्रूनचे, मोहरी घालून, आणि रस्सा बोटाची रेघ टिकेपर्यंत आटवला. सायविरजण यांच्या रीतीने साय टांगली आणि ती फाटली नाही. बाबांनी या वेळी काही न बोलता पुन्हा वाढून घेतले आणि आईने प्रून कुठे मिळतात ते विचारले. साधारण ३०० ग्रॅम मांस उरले आहे आणि ते पुन्हा गरम केल्यावर बिघडेल अशी भीती वाटते.

लोआरकाठ

ते गरम करूच नका. आमचे शहर रियेतसाठी प्रसिद्ध आहे, म्हणजे चरबीत तासन्‌तास शिजवून धागे मोकळे केलेले पोर्क, जे गार असतानाच पावावर लावून खातात. ल माँ या शहराचे रियेत फिकट असते, तूरचे चांगले तांबूस असते. तुमच्याकडे उरलेले मांस त्याच्या पुष्कळ जवळ आले आहे. ते गार असतानाच दोन काट्यांनी धागा धागा मोकळे करावे, वाटीत काढून ठेवलेली चरबी किंचित कोमट करून त्यात ३ मोठे चमचे मिसळावी, एक-दोन चमचे आटलेला रस्सा आणि भरपूर मिरपूड घालावी. गार पदार्थात मीठ कमी जाणवते, म्हणून चव घेऊन थोडे वाढवावे. प्रून त्यात कालवू नयेत, बारीक चिरून पावावर वरून ठेवावेत. काचेच्या बरणीत दाबून भरावे, वर चरबीचा पातळ थर ओतावा, फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन दिवसांत संपवावे. खाण्यापूर्वी २० मिनिटे बाहेर काढून ठेवले तर पावावर सहज पसरते.